वाट लागलेल्या डोंगरांची गोष्ट

आपल्या मराठीत ‘वाट’ या शब्दाचे फार खेळ आहेत. आपण कुणाची तरी वाट बघतो, कुणाची वाट अडवतो, कुणाला वाटेला लावतो आणि शहाणे असलो तर कुणाच्या वाटेला जात नाही. आणि एखादी गोष्ट पार बिघडली की आपण म्हणतो, ‘वाट लागली!’ खरं तर वाट लागणं म्हणजे रस्ता सापडणं. त्यात वाईट काय? हे कोडं मला शाळेत असल्यापासून पडलेलं आहे. भाषेच्या अभ्यासकांकडे त्याचं रीतसर उत्तर असेल. मला मात्र त्याचं एक उत्तर फार लांबच्या डोंगरात मिळालं.

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात रॉकी पर्वताची पन्नासहून जास्त शिखरं अशी आहेत, की आधी त्यांना वाट लागली आणि त्या वाटेमुळेच त्यांची वाट लागली. पुढे, ज्यांच्या पायांनी हे घडलं होतं त्याच लोकांपैकी हजारोंनी पदरचा वेळ खर्चून ती वाट दुरुस्त करायला घेतली. ते काम आजही चालू आहे. मी काही गिर्यारोहक नव्हे. पन्नाशी ओलांडलेला, जिना चढताना गुडघ्यांशी बोलणारा एक कवी आहे. पण झिजणं आणि दुरुस्त करणं या दोन गोष्टींचं मला कुतूहल आहे, म्हणून ही हकिकत सांगावीशी वाटते.

आधी ते डोंगर बघू. समुद्रसपाटीपासून चौदा हजार फुटांहून उंच, म्हणजे सुमारे ४,२६७ मीटरच्या वर असलेल्या शिखरांना तिकडे ‘फोर्टीनर’ म्हणतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. त्याच्या अडीचपटीपेक्षा जास्त ही उंची झाली. कोलोराडोत अशी शिखरं साधारणपणे ५४ धरतात. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा थोडा मागेपुढे होतो. त्यांतलं सर्वात उंच माउंट एल्बर्ट, सुमारे ४,४०० मीटरचं. उंची एवढी असली तरी यांतल्या बऱ्याच शिखरांवर जायला दोर लागत नाहीत, बर्फातली कुऱ्हाड लागत नाही. उन्हाळ्यात धडधाकट माणूस पहाटे निघाला तर दुपारी परत खाली येतो. या सोपेपणातच पुढच्या सगळ्या कथेचं मूळ आहे.

या डोंगरांत पहिली पावलं अर्थातच तिथल्या मूळ रहिवाशांची. युट आणि अरापाहो लोक शिकारीसाठी, ऋतू बदलला की मुक्काम हलवण्यासाठी हे पर्वत ओलांडत. आज जिथे रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे, तिथल्या एका जुन्या वाटेला अरापाहो लोकांनी दिलेल्या नावाचा अर्थ होतो ‘जिथे मुलं चालली ती वाट’. चढ इतका उभा, की एरवी घोड्यावर बसणाऱ्या मुलांनाही तिथे उतरून चालावं लागे. वाटेला नाव द्यावं तर असं! शेकडो वर्षं ही माणसं तिथून गेली-आली, आणि डोंगर होता तसा राहिला. माणसं मोजकी होती, आणि शिखराला हात लावून परत फिरायचं एवढ्याचसाठी त्यांची रांग लागत नव्हती.

मग बाहेरचे आले. १८२० साली स्टीफन लाँग यांच्या सरकारी मोहिमेबरोबर एडविन जेम्स नावाचा तरुण होता. त्याने पाइक्स पीक हे शिखर सर केलं. चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर चढल्याची कोलोराडोतली ही पहिली लेखी नोंद. गंमत अशी, की जेम्स हा वनस्पतींचा अभ्यासक होता. झाडं संपतात त्या रेषेच्या वरची इवली इवली फुलं त्याने वाटेत गोळा केली. म्हणजे या शिखरांच्या लिखित इतिहासाची सुरुवातच फुलं बघणाऱ्या माणसापासून झाली आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे ती फुलंच महत्त्वाची ठरणार आहेत.

१८५८-५९मध्ये सोन्याची बातमी पसरली आणि खाणवाल्यांची झुंबड उडाली. त्यांनी खेचरांसाठी रस्ते पाडले. काही शिखरांच्या अंगाखांद्यावर ते अजून दिसतात. १९१२मध्ये कोलोराडो माउंटन क्लब स्थापन झाला. १९२३ साली कार्ल ब्लॉरॉक आणि विल्यम एर्विन या दोघांनी त्या वेळी माहीत असलेली सगळी फोर्टीनर शिखरं पुरी केली. १९३४मध्ये मेरी क्रोनिन ही तसं करणारी पहिली स्त्री ठरली. इथून एक यादी तयार झाली. आणि यादी एकदा तयार झाली की माणसाला ती पुरी केल्याशिवाय चैन पडत नाही. एक झालं, दहा झाली, आता तीसच उरली! पुढे मार्गदर्शक पुस्तकं निघाली, गाड्या आल्या, डेन्वर शहर वाढलं. विसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी हजारो माणसं दर उन्हाळ्यात या शिखरांवर जाऊ लागली.

पण ती कुठल्या वाटेने गेली? इथे खरी गोम आहे. त्यांतल्या बहुतेक शिखरांवर कुणी बांधलेली वाटच नव्हती. पहिला माणूस त्याला सुचलं तिथून चढला. दुसऱ्याने त्याच्या खुणा बघितल्या. शंभराव्याला तिथे वाट दिसू लागली. आपल्याकडे ‘वहिवाट’ असा एक सुरेख शब्द आहे. वापरून वापरून पडलेली रीत, किंवा वापरून मिळालेला हक्क. कोर्टकचेऱ्यांत तो अजून चालतो. त्या डोंगरांवरच्या वाटा अशा वहिवाटीने पडल्या. त्यांची आखणी कुणी केली नव्हती, त्याचा विचार कुणी केला नव्हता.

शिखर समोर दिसत असलं की माणूस सरळ त्याच्याकडे निघतो. तो वळसे घेत नाही. त्यामुळे या वाटा उताराला अगदी सरळ, नाकासमोर चढत गेल्या. आणि उतारावरून सरळ खाली यायला माणसापेक्षाही उत्सुक असं काही असेल तर ते पाणी. वितळलेल्या बर्फाचं पाणी, दुपारच्या वादळी पावसाचं पाणी त्या वाटेत शिरलं. बुटांनी गवत मारलेलं होतंच. पाण्याने उघडी पडलेली माती नेली. वाटेची नाली झाली, नालीची घळ झाली. काही ठिकाणी ती कमरेएवढी खोल गेली. मग घळीतून चालणं नको म्हणून लोक तिच्या कडेने चालू लागले. तिथे दुसरी वाट पडली. जूनमध्ये चिखल असतो. बूट भरू नयेत म्हणून लोक कडेच्या हिरवळीवर पाय देतात. तिथे तिसरी पडली. शेवटी वेणीच्या पेडांसारख्या सहा-सात वाटा डोंगराच्या पाठीवर दिसू लागल्या. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता. प्रत्येकाने आपला बूट तेवढा वाचवला.

कुणी म्हणेल, त्यात काय? आमच्याकडे पहिला पाऊस पडला की डोंगर आठ दिवसांत हिरवा होतो. तिथेही उगवेल की पुन्हा गवत! याचं उत्तर शोधण्यासाठी एका बाईने आयुष्य खर्ची घातलं. तिचं नाव बिअट्रिस विलर्ड.

कोलोराडोत सुमारे साडेतीन हजार मीटरच्या वर झाड उगवत नाही. त्याला वृक्षरेषा म्हणतात. तिच्या वर टुंड्राचा मुलूख. लांबून बघितलं तर नुसतं खुरटं गवत आणि दगड. गुडघे टेकून बघितलं तर बोटाच्या पेराएवढ्या झाडांचं एक जंगल. वाढायला वर्षातून जेमतेम दीड-दोन महिने मिळतात. वारा सतत. थंडी उन्हाळ्यातही. मातीचा थर काही ठिकाणी इतका पातळ, की तो तयार व्हायला हजारो वर्षं लागलेली असतात. तिथे ‘मॉस कॅम्पियन’ नावाचं रोप आहे. जमिनीला चिकटून उशीसारखं गोल वाढतं, गुलाबी फुलं येतात. हाताच्या पंजाएवढी उशी व्हायला त्याला काही दशकं लागतात. आणखी एक पिवळं फूल आहे, सूर्यफुलाच्या नात्यातलं. त्याला तिकडे ‘डोंगरावरचा म्हातारा’ या अर्थाचं नाव आहे, कारण त्याच्या अंगावर पांढरी लव असते. ते रोप कित्येक वर्षं नुसती पुंजी साठवतं. मग एका उन्हाळ्यात मोठं फूल धरतं, बी टाकतं आणि मरतं. आयुष्यात एकदाच फुलायचं! त्या उन्हाळ्यात आपला बूट त्याच्यावर पडला, तर त्याच्या सगळ्या वर्षांचा हिशेब तिथेच संपला.

त्या नॅशनल पार्कमध्ये १९३२ साली ‘ट्रेल रिज रोड’ हा मोटाररस्ता सुरू झाला. ‘मुलं चालली ती वाट’ त्याच धारेवरची. हा रस्ता ३,७१३ मीटरपर्यंत चढतो आणि कितीतरी किलोमीटर टुंड्रातून जातो. लोक गाडीतून उतरत, फोटो काढत, चार पावलं हिरवळीवर फिरत. विलर्ड बाई तेव्हा कोलोराडो विद्यापीठात संशोधन करत होत्या. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी वाहनतळांजवळच्या तुडवल्या गेलेल्या जमिनीचे छोटे तुकडे निवडले, त्यांना कुंपण घातलं आणि मोजायला सुरुवात केली. कोणतं रोप आहे, किती आहे, किती जागा उघडी आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा. मग पुन्हा. कित्येक दशकं त्या त्या तुकड्यांकडे परत परत येत राहिल्या.

१९७१च्या सुमाराला त्यांनी आणि त्यांचे गुरू जॉन मार यांनी निष्कर्ष मांडले. थोडंफार तुडवलेलं टुंड्रा, पाऊल थांबलं की काही वर्षांत सावरू शकतं. पण जिथे माती गेली, तिथे मूळचं रूप परत यायला शेकडो वर्षं लागतील, कदाचित हजारही. कारण उघड्या मातीतला ओलावा रात्री गोठून बर्फाच्या सुया तयार होतात आणि त्या कोवळ्या रोपाला मुळासकट वर उचलतात. वारा उरलेलं नेतो. जिथे रोप नाही तिथे माती टिकत नाही, आणि माती नाही तिथे रोप येत नाही. एका दुपारच्या सहलीतली बेफिकिरी आणि हजार वर्षं! हे गणित ऐकलं की पाय उचलताना माणूस विचार करतो. विलर्ड बाईंनी १९७२मध्ये ॲन झ्विंगर यांच्याबरोबर वृक्षरेषेच्या वरच्या या भूमीवर सर्वसामान्य वाचकांसाठी पुस्तकही लिहिलं. त्या २००३मध्ये वारल्या. त्यांचे ते कुंपणातले तुकडे २००७ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंदवले गेले. राजवाडे, किल्ले, चर्चं यांच्या यादीत काही हात खुरटं गवत! मला तरी ही नोंद फार आवडते.

आता फोर्टीनर शिखरांकडे परत येऊ. विलर्ड यांचं गणित हाताशी होतं आणि समोर घळी दिसत होत्या. तेव्हा दोन मार्ग होते. एक, डोंगर बंद करा. दुसरा, वाट नीट करा. १९९४मध्ये गिर्यारोहकांच्या आणि निसर्गप्रेमींच्या काही संस्था आणि सरकारचं वनखातं एकत्र आलं आणि ‘कोलोराडो फोर्टीनर्स इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली. कोलोराडो माउंटन क्लब त्यात होताच. म्हणजे ज्या क्लबच्या माणसांनी शिखरांची यादी लोकप्रिय केली, तोच क्लब दुरुस्तीलाही पुढे आला. तेव्हापासून तीसहून अधिक शिखरांवर या लोकांनी विचारपूर्वक आखलेल्या वाटा बांधल्या आहेत. संस्थेचे थोडे पगारी कामगार उन्हाळाभर तंबू ठोकून डोंगरावर राहतात. त्यांच्या जोडीला कुणी एक दिवस, कुणी शनिवार-रविवार, कुणी आठवडाभर असे स्वयंसेवक येतात. शिक्षक, विद्यार्थी, कचेरीतली माणसं, निवृत्त मंडळी. आपण ज्याला श्रमदान म्हणतो तेच हे.

हे काम चालतं कसं, ते थोडं तपशिलात सांगतो. आधी आखणी. नवी वाट उताराला सरळ भिडत नाही. वळसे घेत, नागमोडी चढते. घाटातला रस्ता आठवा. पण एवढं पुरत नाही, कारण वळणाचा वैताग आला की माणूस मधून आडवा घुसतो. म्हणून वळण अशा जागी ठेवायचं जिथे मोठा खडक आहे किंवा मधून जाता येणारच नाही. मग पाण्याची सोय. ठरावीक अंतरावर वाटेत तिरपे दगड रोवायचे, म्हणजे पाणी वाटेतून धावत न सुटता कडेला उतरतं. जिथे चढ टाळताच येत नाही तिथे दगडी पायऱ्या. एकेक दगड एका माणसाला उचलणार नाही एवढा. तो शोधायचा, पहारीने हलवायचा, चार-पाच जणांनी मिळून सरकवत आणायचा, खड्डा खणून अर्ध्याहून जास्त जमिनीत पुरायचा. तो हलता कामा नये. मग मागच्या पोकळीत घणाने फोडलेली खडी ठोकून बसवायची. डोंगराच्या कुशीला जिथे वाट धरत नाही तिथे कोकणातल्या गडग्यासारखी चुन्या-सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत घालायची.

यातल्या बऱ्याच शिखरांचा परिसर १९६४च्या कायद्याने ‘वन्यभूमी’ म्हणून राखलेला आहे. तिथे यंत्राला बंदी. मोटारीवर चालणारी करवत नाही, ड्रिल नाही, गाडी नाही. पहार, घण, फावडं आणि ‘पुलास्की’ नावाचं एक हत्यार, ज्याच्या एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला आडवं कुदळीचं पातं असतं. एड पुलास्की हा वनखात्याचा माणूस. १९१०च्या मोठ्या वणव्यात त्याने आपल्या माणसांना एका खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवलं. पुढे हे हत्यार त्याच्या नावाने रूढ झालं. आगीशी लढण्यासाठी वापरात आलेलं अवजार आज फुलं वाचवायच्या कामी येतं.

कामाला वेळही मोजकाच. बर्फ उशिरा वितळतं, आणि सप्टेंबर सरता सरता पुन्हा पडायला लागतं. मधल्या महिन्यांत दुपारी विजा कडाडतात, आणि त्या उघड्या कड्यावर माणसापेक्षा उंच काही नसतं. म्हणून पहाटे चालायला लागायचं. कामाच्या जागी पोचायलाच तास-दीड तास चढायचं. ढग दिसले की अवजारं ठेवून खाली पळायचं. विरळ हवेत एक दगड सरकवला की श्वास घ्यायला थांबावं लागतं. अशा दिवसभराच्या मेहनतीतून दोन-चार पायऱ्या झाल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचं.

पण नवी वाट बांधणं हे काम निम्मंच. उरलेलं निम्मं म्हणजे जुनी वाट मिटवणं. घळीत ठिकठिकाणी दगडांचे आडवे बांध घालतात, म्हणजे वाहती माती अडते. नव्या वाटेच्या पट्ट्यात जी हिरवळ येते ती तुडवली जाण्याआधीच मातीसकट चौकोनी कापून काढतात, हातातून उचलून नेतात आणि जुन्या घळीत लावतात. त्याच डोंगरावरचं बी पेरतात. वर वनस्पतींच्या धाग्यांची चटई अंथरतात. ती वाऱ्यापासून राखण करते आणि काही वर्षांनी आपोआप कुजून जाते. आणि शेवटी त्या जागी ओबडधोबड मोठे दगड अर्धवट पुरून ठेवतात, जेणेकरून तिथून चालावंसं कुणाला वाटू नये.

इथे मला माझ्या घरची एक शिकवण आठवते. लहानपणी आमचे वडीलधारे सांगत, की वाटेतला दगड, काटा बाजूला करणं हेही दान आहे. इमानाची ती सर्वात धाकटी, सर्वांना परवडणारी फांदी आहे. आजही चालताना पायात दगड आला तर मी तो कडेला सारतो. आणि इथे हे स्वयंसेवक उलटंच करतात. चुकीच्या वाटेवर मुद्दाम दगड आणून ठेवतात. आधी मला ते विचित्र वाटलं. मग ध्यानात आलं, की दान तेच आहे, फक्त घेणारा बदलला आहे. आमच्या वडीलधाऱ्यांचं दान मागून येणाऱ्या पायासाठी होतं. यांचं दान त्या पायाखाली येणाऱ्या गवतासाठी आहे.

त्या सगळ्या खटाटोपाचं मर्मही हेच आहे असं मला वाटतं. आपण समजतो की वाट चालणाऱ्याच्या सोयीसाठी असते. पण तिथे दोन फूट रुंदीची वाट बांधतात ती दोन्ही बाजूंच्या डोंगरासाठी. तेवढी जमीन जणू आपण तुडवायला दिली. बाकीची सोडा, अशी ती बोलणी आहेत. ट्रेल रिज रोडवर तर टुंड्रातली एक पायवाट चक्क डांबरी केली आहे. पहिल्यांदा ऐकलं तर अरसिकपणा वाटतो. पण डांबरावर पाय राहिला म्हणजे फुलावर पडत नाही.

या कामावर आक्षेप नाहीत असं नाही, आणि ते खोटेही नाहीत. पहिला असा, की चांगली वाट केली की आणखी गर्दी होणार. आकडे बघू. संस्थेने वाटांवर माणसं मोजणारी छोटी यंत्रं बसवली आहेत. त्यांवरून केलेल्या अंदाजानुसार २०२० साली, साथीच्या दिवसांत, या शिखरांवर सुमारे ४ लाख १५ हजार फेऱ्या झाल्या. सिनेमागृहं बंद, हॉटेलं बंद, म्हणून सगळे डोंगरावर. पुढे आकडा उतरत गेला आणि २०२३मध्ये २ लाख ६० हजारांच्या आसपास आला. म्हणजे गर्दी वाढते-कमी होते ती पायऱ्यांमुळे नाही, माणसांच्या दिवसांमुळे. आणि वाट नव्हती तेव्हाही लोक येतच होते. घळी त्यांनीच पाडल्या. तरीही आक्षेपात तथ्य आहे. क्वांडरी पीक या अतिशय गजबजलेल्या शिखराच्या पायथ्याशी २०२१मध्ये गाडी लावायला आगाऊ नोंदणी सुरू करावी लागली. वाट कितीही भक्कम असली तरी तिलाही पोट असतं, आणि ते कधीतरी भरतं.

दुसरा आक्षेप अस्सल डोंगरवेड्यांचा. ते म्हणतात, रानटी डोंगरावर पायऱ्या कशाला? देवळाला असतात तशा! मला या माणसांबद्दल सहानुभूती आहे. पण ज्या रानटीपणावर त्यांचं प्रेम आहे तो माती वाहून गेल्यावर उरणार नाही. आणि खुद्द स्वयंसेवक हे ओळखून असतात. त्यांची धडपड अशी, की दगड त्याच डोंगराचा असावा, त्यावरच्या शेवाळाची बाजू वर राहावी, आणि चालणाऱ्याला ही पायरी कुणी केली आहे हे कळूही नये. नाव न घालता केलेलं काम म्हणजे काय, हे आम्हा कवींनी तिथे जाऊन शिकावं. आम्हाला चार ओळींखाली सही केल्याशिवाय झोप येत नाही!

आपल्याकडेही रविवारी गडांवर जाऊन पायऱ्यांवरचा गाळ काढणारी, टाकी साफ करणारी, ढासळलेली वाट बांधणारी तरुण मंडळी आहेत. त्यांच्या हातांना फोड आलेले मी बघितले आहेत. आपला पाऊस वेगळा, आपला दगड वेगळा, आपलं गवत लवकर परतणारं. तिकडची पद्धत जशीच्या तशी इकडे चालणार नाही. पण पावसाळी सुट्टीच्या दिवशी आपल्या गडांच्या वाटेवर रांग लागते तेव्हा प्रश्न तोच असतो. पुढचा हळू चालतो म्हणून मी वाट सोडून कडेच्या गवतावरून पुढे जायचं, की थांबायचं?

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. या कामाला शेवट नाही. बांधलेली पायरी गोठण्या-वितळण्याने सैल होते, तिरप्या दगडांमागे गाळ भरतो, बांधाची बाजू फुटते. म्हणून दर उन्हाळ्यात कुणीतरी वर जातं, गाळ उपसतं, सैल दगड पुन्हा बसवतं. १९९४ साली पहिली पहार मारणारे आता उताराला लागले असतील. त्यांनी त्या घळींत लावलेल्या हिरवळीचे तुकडे एकमेकांना मिळून पुन्हा अखंड टुंड्रा व्हायला विलर्ड बाईंच्या हिशेबाने कदाचित कित्येक शतकं लागतील. तो दिवस ते बघणार नाहीत. त्यांची नातवंडंही बघणार नाहीत. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तरी जून संपला, बर्फ ओसरलं, की पहाटेच्या अंधारात डोक्याला दिवे बांधून ही माणसं पहारी खांद्यावर घेऊन निघतात. दिवसभर खपतात. आणि संध्याकाळी खाली उतरताना, पाय कितीही दुखत असले तरी, जवळचा रस्ता म्हणून आडवं घुसत नाहीत. स्वतः बांधलेल्या त्या दोन फुटांतूनच, एकामागे एक, खाली येतात.